डाव्या हाताची गाठ

स्कूनर खाडी, अलास्का
१४ ऑक्टोबर १९८६

नेल्स,

डेलच्या विमानातून हे पत्र आणि सोबत फडक्यात गुंडाळलेलं माझं रिव्हॉल्व्हर पाठवतोय. रिकामं आहे. तरी तू तुझ्या सवयीप्रमाणे उघडून तीनदा बघशीलच, तेव्हा तेवढं आधी करून घे.

हंगाम संपला. माणसं घेऊन शेवटची बोट गेल्या गुरुवारी गेली. मासे साफ करायची यंत्रं ग्रीस फासून झाकली, पाइपांतलं पाणी काढलं, जेवणघराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. आता मेपर्यंत या कारखान्याचा राखणदार म्हणून मी आणि कावळे. सतरा हिवाळे इथे काढले, पण ते दोघांनी. सेल्मा मार्चमध्ये गेली तेव्हा लगेच हंगामाची माणसं आली, त्यामुळे एकटं असं राहायची वेळ आत्ताच आली आहे.

रिव्हॉल्व्हरवर तांबूस ठिपके पडलेत. स्टेनलेस असून. बारीक ओरखडे तर सगळीकडे आहेत, आणि गोळ्यांच्या चक्राच्या तोंडाशी सहा काळी वर्तुळं झालीत. दाराजवळच्या खुंटीला टांगलेलं असतं, जेवायला बसलं की बरोबर समोर येतं. माझं सारखं तिकडेच लक्ष जातं. म्हटलं, काही दिवस नजरेआड असलेलं बरं.

तुला घाई अजिबात नाही. अस्वलं डोंगरात झोपायला निघाली आहेत. दुसरं हत्यार इथे नाही आणि हिवाळ्यात लागतही नाही. सगळं सुटं कर, एकेक भाग घास, एप्रिल उजाडला तरी चालेल.

सेल्माचा वेलदोड्याचा पाव करून पाहिला. फुगला नाही. सध्या त्याने दार अडवून ठेवलंय.

आर्विड


पीटर्सबर्ग
२६ ऑक्टोबर १९८६

अरे आर्विड,

एप्रिल म्हणे! तू मला ओळखलंस तरी किती? गावातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे वर्षवर्षभर हेलपाटे घालतात ते खरं आहे. मिसेस ओल्सनच्या नवऱ्याची बंदूक माझ्याकडे आली तेव्हा तो जिवंत होता. पण तू माझा मेहुणा आहेस. बाकी सगळं बाजूला सारून चार दिवसांत तुझं काम उरकलं, आणि मंगळवारच्या विमानाने वस्तू परत पाठवतोय. आता बोल.

पण आधी मला एक सांग, हे घासलं कोणत्या गाढवाने? स्टेनलेस म्हणजे कमी गंजणारं, न गंजणारं नव्हे, हे मी सगळ्यांना सांगून सांगून थकलो. त्यावर कोणीतरी भांड्याची तारेची घासणी फिरवली आहे. त्या घासणीच्या लोखंडाचे कण पोलादात रुतून बसतात आणि मग तेच गंजतात. तुझे तांबूस ठिपके म्हणजे रिव्हॉल्व्हरचा गंज नव्हेच, घासणीचा आहे. त्यात घासलंय तेही गोल गोल, तळणीचा तळ घासावा तसं! या पोलादावर रेघा नळीच्या दिशेने असतात. हात जायचा तर पुढून मागे, एकाच दिशेने, न थांबता. मी करडी नायलॉनची घासणी घेतली, तेलात बुडवली, आणि दिवसभर तेवढंच केलं. एकही गोल रेघ आता शोधून सापडणार नाही.

काळी वर्तुळं म्हणजे बारुदाची काजळी. तिने काही बिघडत नाही, पहिल्या गोळीला पुन्हा येते. जाणता माणूस तिच्या वाटेला जात नाही. पण तू म्हणालास म्हणून तीही काढली.

आणि तू गावात का येत नाहीस? कंपनीला दुसरा राखणदार मिळेल. माझ्या दुकानामागची खोली रिकामी आहे. तिथे फक्त माझे बूट आणि सेल्माचं जुनं शिवणयंत्र आहे, आणि दोन्ही सरकवता येतात.

तेलकट कागद, त्यावर मेणकापड, त्यावर दोरी. गाठ माझी, म्हणजे डाव्या हाताची. सोडवताना शिव्या देशील त्या आत्ताच पोचल्या.

नेल्स


स्कूनर खाडी
२८ ऑक्टोबर १९८६

नेल्स,

डेल कॉफी पितोय तोवर लिहितोय. लवकर आटोपतं घेतो, कारण वस्तू त्याच्याबरोबरच परत पाठवायची आहे.

ते गाढव म्हणजे तुझी बहीण. हे रिव्हॉल्व्हर तिनेच मला घेऊन दिलं होतं. आधीचं लोखंडी दोन हिवाळ्यांत खाऱ्या हवेने खाल्लं, तेव्हा म्हणाली, स्टेनलेसचं घे म्हणजे कटकट नको. दर रविवारी भांडी झाली की त्याच घासणीने तेही घासायची. चकचकीत दिसायला हवं म्हणायची. मी कधी अडवलं नाही.

तुझं काम चांगलं आहे. पण आता त्यावर काहीच उरलं नाही. मला ते पूर्ण आरशासारखं करून हवंय, तोंड दिसेल असं. तिला तसंच आवडलं असतं. आरशाच्या पॉलिशला फार वेळ लागतो असं तूच एकदा म्हणाला होतास. लागू दे. उगाच रात्रंदिवस एक करू नकोस.

गावात येत नाही. बर्फाने छप्पर खचलं तर बघायला कोणी नको का?

डेलचा कप रिकामा झाला.

आर्विड


पीटर्सबर्ग
२३ नोव्हेंबर १९८६

आर्विड,

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं आणि स्टुलावर बसलो. मला माहीत नव्हतं रे. बहिणीच्या हाताच्या रेघा मी दिवसभर बसून पुसल्या, आणि वर फुशारकी मारली. साठ वर्षांच्या आयुष्यात खूप चुका केल्या, पण शिट्टी वाजवत केलेली ही एकच.

मग मला एक आठवलं. पहिल्या वेळी मी मूठ काढली नव्हती. आता काढली. मुठीच्या स्क्रूची खाच पार चेपलेली आहे. तो स्क्रू लोण्याच्या सुरीने काढलाय, हे मी शपथेवर सांगेन, कारण आमच्या आईच्या शिवणयंत्राचे स्क्रू सेल्माने असेच चेपले होते. आणि लाकडी मुठीच्या खाली, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, तिच्या गोल गोल रेघा जशाच्या तशा आहेत. तिने मूठ काढून आतूनही घासलं होतं! तिथे मी बोट लावलेलं नाही. थोडं तेल लावून मूठ परत बसवली. स्क्रूही तोच ठेवलाय.

बाहेरून मात्र तुला हवा तसा आरसा केलाय. आधी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, जाड्यापासून बारक्यापर्यंत पाच नंबर. मग फेल्टच्या चाकावर पॉलिशची हिरवी वडी, मग कापडी चाकावर पांढरी. माझं मत विचारशील तर कामाच्या हत्याराला हे शोभत नाही. लग्नाला निघालेल्या माणसाच्या बुटांसारखं दिसतंय. उन्हात चमकलं की हरणं पळतील, आणि पहिल्याच ओरखड्याला तू रडशील. पण आता तुझं तू बघ.

पार्सलच्या आत, तेलकट कागदाच्याही आत, एक चीज ठेवली आहे. रिव्हॉल्व्हरपेक्षा ती जास्त उपयोगाची आहे. मिळाली की कळव, मला उत्सुकता आहे.

माझं ठीक आहे. दुकानात कामं आहेत पण माणसं येत नाहीत, बंदूक ठेवून जातात. सकाळी कॉफी करताना अजून कधीकधी सेल्माला फोन करावासा वाटतो, मग आठवतं की तुमच्याकडे फोनच नव्हता कधी. इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनातच फोन करत होतो की काय, देव जाणे.

नेल्स


स्कूनर खाडी
२५ नोव्हेंबर १९८६

नेल्स,

आरसा चांगला झालाय. पण नळीच्या टोकाशी थोडं धुरकट वाटतं, आणि एकंदरीत डोळ्यांवर फार येतं. तू म्हणालास तेच खरं, कामाच्या हत्याराला शोभत नाही. तेव्हा पुन्हा रेघाच कर. सोबत परत पाठवतोय. त्रास देतोय हे कळतं.

आत ठेवलेली चीज मिळाली. आभारी आहे. फार आवडली.

इथे दिवस लहान झालेत. सकाळी नऊला रेडिओवर कंपनीच्या मार्जला सांगतो, सगळं ठीक. ती म्हणते, बरं. मग उद्या सकाळपर्यंत कोणाशी बोलायची गरज नसते. पाव अजून विटेसारखाच होतोय.

आर्विड


पीटर्सबर्ग
७ डिसेंबर १९८६

आर्विड,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तिन्हींत शिव्या होत्या.

तुझं पत्र वाचून मी खवळलो. धुरकट? माझ्या हाताखालून गेलेल्या आरशात धुरकट? पार्सल टेबलावर आपटलं, म्हटलं बघू तरी. दोरी सोडायला हात घातला आणि थांबलो. गाठ माझी होती. आपल्या अख्ख्या किनाऱ्यावर अशी उलटी गाठ मी एकटा मारतो. शाळेत असताना सेल्मा मला तेवढ्यावरून चिडवायची. तू सोडून पुन्हा बांधली असतीस तर ती सरळ आली असती.

मेणकापड उघडलं. तेलकट कागदाला माझीच घडी. आत रिव्हॉल्व्हर, आणि मी ठेवलेली ती चीज. तुला जी मिळाली, आणि फार आवडली. ती म्हणजे सेल्माने बासष्ट साली मला पाठवलेलं पत्र, त्यात तिने वेलदोड्याचा पाव कसा करायचा ते सगळं लिहिलंय. ते तुला मिळालं असतं तर तुझा पाव विटेसारखा झाला नसता.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून ओळीने वाचली. पहिल्याच पत्रात तू सगळं सांगितलं होतंस. जेवताना समोर येतं. सारखं तिकडे लक्ष जातं. नजरेआड असलेलं बरं. एप्रिल उजाडला तरी चालेल. आणि मी काय केलं, तर चार दिवसांत चकाचक करून तुझ्या हातात परत आणून दिलं. दोनदा! कोणत्या गाढवाने, असं मी विचारलं होतं ना? त्याचं उत्तर मिळालं.

आता सरळ विचारतो, कारण आडवळणाने विचारायला मला येत नाही. स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं तुझ्या मनात येतं का? हे रेडिओवर विचारता येत नाही, तिथे सगळा किनारा कान लावून बसलेला असतो. म्हणून लिहितोय. जे असेल ते मला सांग. मी घाबरणार नाही, आणि घाबरलो तरी ऐकेन.

रिव्हॉल्व्हर माझ्या कपाटात कुलपात आहे. काम झालेलं नाही. रेघा नीट यायला फार वेळ लागणार आहे. मी गावातला सगळ्यात आळशी कारागीर आहे, कोणालाही विचार.

आर्विड, मला आता दुसरं कोणी उरलेलं नाही. हे मी आजवर तुला म्हणालो नाही कारण तुला ते ठाऊक असेल असं वाटायचं.

पाव करायचं पत्र यासोबत घालतोय. ते तरी उघड.

नेल्स

ता. क. १२ डिसेंबर. मंगळवारी डेल उडाला नाही, वारा आहे. आज तो म्हणाला की ही हवा नाताळपर्यंत हलत नाही. मी इतके दिवस थांबू शकत नाही. उद्या मार्जच्या ऑफिसात जाऊन रेडिओवर बसतो. जे विचारायचंय ते तिथे विचारता यायचं नाही, तर निदान पाव तरी सांगतो.


स्कूनर खाडी
६ जानेवारी १९८७

नेल्स,

डेल आज आला. तुझं पत्र मी वाचलं. त्याला सांगितलंय की तीन कप कॉफी पिऊनच निघायचं, त्यामुळे हे पत्र लांब होणार आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हो, येतं मनात. शेवटची बोट गेली त्या दिवशी पहिल्यांदा आलं. टेबलावर एकच ताट होतं आणि समोर ते खुंटीला. दुसऱ्या दिवशी समुद्रात फेकायला म्हणून धक्क्यावर घेऊन गेलो, पण सेल्माने दिलेलं, हात धजेना. तेव्हा तुझी आठवण झाली. म्हटलं, नेल्सकडे गेलेली वस्तू वर्षभर काही परत येत नाही. तू इतका कामसू निघशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्यांदा परत आलं तेव्हा उघडून बघितलं, आणि डेलची कॉफी संपायच्या आत पुन्हा बांधलं. दुसऱ्यांदा उघडायचीही हिंमत झाली नाही. म्हणून खोटं लिहिलं. धुरकटबद्दल माफ कर, तुझ्या कामाला तसं म्हणायला मला जड गेलं.

आता रेडिओचं. तेरा डिसेंबरला नऊ वाजता मी म्हणालो, सगळं ठीक. मार्ज 'बरं' म्हणेल म्हणून थांबलो, तर तिकडून तुझा आवाज. ‘आर्विड, कागद घे. सहा वाट्या मैदा.’ मला वाटलं तुला काहीतरी झालं. तू तुझं चालूच. ‘दूध कोमट, बोट घालून बघायचं, चटका बसला तर यीस्ट मरतं, तू तेच करत असणार, अडाण्या.’ मध्येच हॅलिबट मासे धरणाऱ्या बोटीवरून तो जाडा एगर्ट ओरडला, ‘वेलदोडे किती म्हणालास?’ तू म्हणालास, ‘तुझ्यासाठी नाही सांगत, तू आधीच फुगलेला आहेस.’ सगळा किनारा हसत होता. मीही हसलो. किती महिन्यांनी हसलो ते मोजलं नाही. शेवटी तू म्हणालास, ‘उद्या नऊला इथेच सांगायचं, फुगला की नाही. मी बसलेला असेन.’

तू रोज बसलास. मला तुझं पत्र मिळालेलं नव्हतं, तू का बसतोयस ते ठाऊक नव्हतं, तरी मी रोज पीठ मळलं. नऊला कोणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर माणसाला उठावंच लागतं. पाचव्या दिवशी फुगला. मी रेडिओवर ‘सगळं ठीक, पाव फुगला’ म्हणालो, तर एगर्टच्या बोटीने भोंगा वाजवला. आता रोज सकाळी मार्जच्या आधी बोटीवालेच विचारतात, ‘आर्विड, फुगला का?’

आज डेलने पत्र दिलं आणि सगळं कळलं. तुझ्या पत्रातलं शेवटचं ते, तुला दुसरं कोणी नाही ते, मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तुझं दुकान आहे, गाव आहे. आपण दोघंही मूर्खच.

ते विचार अजून येतात. रोज येत नाहीत. रिव्हॉल्व्हर तिकडेच राहू दे. पुढच्या विमानाने तू ये. महिनाभर राहा. घोरतोस हे सेल्माने सांगितलेलं आहे, मी जेवणघराच्या दुसऱ्या टोकाला झोपेन.

डेल म्हणतो, पाव बरा झालाय. त्याला अर्धा बांधून दिलाय, अर्धा तुला. वाटेत त्याने खाल्ला नाही तर पोचेल.

आर्विड


स्कूनर खाडी
१४ एप्रिल १९८७

नेल्स,

तू इथून परत गेल्यापासून सहा आठवडे जेवणघर फार शांत वाटतं. घोरण्याचीही सवय होते हे मला माहीत नव्हतं. तुझे मोजे चुलीवरच्या दोरीवर राहिलेत. दोन कप मी अजून काढतो, एक परत ठेवतो. पण परत ठेवताना आता फार वेळ लागत नाही.

मंगळवारी आणि शनिवारी तुझ्याशी रेडिओवर बोलणं होतं, तेव्हा सांगितलं नाही, कारण एगर्ट ऐकत असतो. ते विचार मार्चच्या मध्यापासून आलेले नाहीत. आले तर तुला कळवीन, हे वचन दिलंय ते लक्षात आहे.

काल सकाळी धक्क्यावर ताजा माग दिसला. माझ्या टोपीएवढा पंजा. आज तर खुद्द महाराजच खाडीच्या कडेला गवत उपटत बसले होते, हाडकुळे आणि चिडलेले. जेवणघराच्या दाराशी पावाचा वास असतो, तेव्हा ते आज ना उद्या चौकशीला येणार. आता हत्यार लागेल.

तेव्हा पाठव. आरसा राहिला असेल तरी चालेल, रेघा केल्या असतील तरी चालेल. मुठीखालचं तेवढं तसंच असू दे. दाराजवळची खुंटी काढून टाकली आहे. ते आता यंत्रघरातल्या पेटीत राहील, किल्ली सकाळी कामाला निघताना घेईन.

बांधताना तुझी नेहमीची गाठ मार. या वेळी ती मी सोडीन.

आर्विड